ट्रंकेतली रिळं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात घरगुती सिनेमाच्या जुन्या फिल्मविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं वडोदऱ्यातूनच आली आणि बऱ्याच पत्रांत एक घाई दिसली: पावसाळ्याआधी सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि रिळं काढून टाकायची. या घाईतच सर्वांत जास्त नुकसान होतं. तुमचा प्रश्न पुढे कुठे असला, तरी पहिलं उत्तर आधी वाचा.

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत पत्र्याच्या डब्यांत १४ रिळं सापडली. त्यातलं एक आमच्या नणंदेच्या १९६२ सालच्या बारशाचं आहे असं घरात म्हणतात. तीन डबे उघडले की शिर्क्यासारखा आंबट वास येतो. त्यांचा प्रोजेक्टरही आहे, दिवा लागतो. एकदा चालवून बघू का? — एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : चालवू नका. दिवा लागला म्हणजे प्रोजेक्टर धड आहे असं होत नाही. आतले रबरी पट्टे इतक्या वर्षांत एक तर डांबरासारखे चिकट झालेले असतात किंवा सुरू करताच तुटतात. पट्टा तुटला की फिल्म गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, थांबते, आणि दिव्याच्या उष्णतेने तिथली चौकट (फिल्मवरचं एकेक चित्र) दोन-तीन सेकंदांत तपकिरी होऊन फुगते व वितळते. शिवाय जुनी फिल्म आकसलेली असते. प्रोजेक्टरची नखी ठरावीक अंतरावरच्या छिद्रात शिरून फिल्म खाली ओढते. आकसलेल्या फिल्मचं छिद्र त्या जागी नसतं, मग नखी फिल्मलाच भोक पाडत जाते.

आधी फिल्म ओळखा. रिळाचं बाहेरचं टोक हातभर सोडा आणि भिंगातून बघा. रुंदी ८ मिलिमीटर, छिद्रं मोठी आणि बरोबर दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतील, तर ती साधी ८ मिलिमीटर फिल्म. छिद्रं बारीक आणि प्रत्येक चौकटीच्या मध्यासमोर असतील, तर सुपर ८. रिळाच्या मधल्या भोकावरूनही कळतं: साध्या ८ चं भोक लहान असतं, सुपर ८ चं मोठं, जवळजवळ १३ मिलिमीटरचं. फिल्म दुप्पट रुंद असेल तर १६ मिलिमीटर. छिद्रांची एकच रांग फिल्मच्या मधोमध असेल तर ९.५ मिलिमीटर, पाते कंपनीची. कधीकधी १६ मिलिमीटर रुंद फिल्मवर दोन रांगांत चित्रं दिसतात आणि त्यातली एक रांग उलटी असते. ती साधी ८ च असते, धुतल्यावर मधून चिरायची राहून गेलेली. ती चिरू नका, तशीच स्कॅन होते.

सुपर ८ बाजारात आली १९६५ मध्ये. त्यामुळे १९६२ च्या बारशाचं म्हणून सांगितलेलं रीळ सुपर ८ निघालं, तर ते बारसं दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

आता वास. ही फिल्म बहुधा सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकवर बनते. उष्णता आणि दमट हवेने ॲसिटेट तुटतं आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे शिर्क्यातलंच आम्ल, बाहेर पडतं. हे आम्ल डब्यात कोंडून राहिलं की उरलेल्या फिल्मला आणखी वेगाने तोडतं. गंजका डबा यात भरच घालतो. नव्या ॲसिटेट फिल्मला २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत हा रोग लागायला साधारण ४० वर्षं लागतात असा मोजलेला अंदाज आहे. बडोद्याचा मे महिना आणि त्यामागून येणारा जुलै आठवा, म्हणजे आपल्या रिळांची घाई कशात आहे ते कळेल.

आंबट वासाची तीन रिळं आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, दुसऱ्या खोलीत ठेवली तरी चालेल. घट्ट डबे काढून त्यांना हवा लागेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. हाताळताना खिडकी उघडी ठेवा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोज्यांचे धागे फाटक्या छिद्रांत अडकतात.

नाकावर पूर्ण भरवसा ठेवू नका. ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात. प्रत्येक डब्यात एक पट्टी टाकून डबा २४ तास बंद ठेवायचा. पट्टी निळी राहिली तर फिल्म चांगली, हिरवी झाली तर सुरुवात झाली आहे, हिरवट पिवळी म्हणजे प्रकृती बिघडली, आणि पूर्ण पिवळी म्हणजे ते रीळ सगळ्यांत आधी स्कॅनला जायला हवं.

दुसरी मोजणी घरच्या स्टीलच्या पट्टीने होते. टेबलावर पांढरा कागद पसरा, त्यावर फिल्म न ताणता सपाट ठेवा. एका छिद्राच्या कडेपासून १०१ व्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत मोजा. साध्या ८ ला हे अंतर ३८१ मिलिमीटर यायला हवं, सुपर ८ ला साधारण ४२३. साध्या ८ ला ३७७ किंवा सुपर ८ ला ४१९ आलं तर फिल्म एक टक्का आकसली आहे. अशी फिल्म दातेरी चाकाच्या कुठल्याही यंत्रात घालू नये. ती फक्त गुळगुळीत रोलरवरून फिल्म नेणाऱ्या स्कॅनरवरच द्यावी. हा आकडा चिठ्ठीवर लिहून रिळाला लावा. स्कॅन करणाऱ्याला तुमच्या शंभर शब्दांपेक्षा तो जास्त सांगेल.

प्रश्न : आमची फिल्म पेट घेईल का? जुन्या फिल्म जळतात असं ऐकलं आहे. — वाचक, वाडी

उत्तर : ८, सुपर ८ आणि १६ मिलिमीटरची घरगुती फिल्म 'सेफ्टी', म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या, आधारावरच बनत आली. तिच्या काठावर 'सेफ्टी' हा शब्दही बहुधा छापलेला सापडतो. ज्वलनशील नायट्रेट ही ३५ मिलिमीटर रुंदीच्या, १९५० च्या सुमाराआधीच्या फिल्मची गोष्ट आहे. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी जुने चित्रपट गेले. घरात ३५ मिलिमीटरचं जुनं रीळ असेल तर ते कुरियरने कुठेही पाठवू नका, उन्हात आणि गॅसजवळ ठेवू नका, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा.

प्रश्न : २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यावर शिरलं आणि फिल्मचा डबा दीड दिवस पाण्यात होता. नंतर आम्ही रिळं पंख्याखाली वाळवली. आता ती एका वडीसारखी चिकटली आहेत. ओढून सोडवता येतील का? — वाचक, अकोटा

उत्तर : ओढू नका. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होतं, आणि तसंच वाळलं की वरच्या वेढ्याच्या पाठीला डिंकासारखं चिकटतं. ओढलं की चित्र एका वेढ्यावरून सुटून दुसऱ्याच्या पाठीवर जातं. ते परत आणता येत नाही.

फक्त बाहेरचे वेढे तपासा. टोक बोटांत धरून अगदी हळू उचला आणि कान द्या. कागद फाटल्यासारखा बारीक चरचर आवाज आला तर तिथेच थांबा. आवाज न येता जेवढे वेढे सुटतात तेवढे सुटू द्या, पुढचं फिल्म-संवर्धन करणाऱ्या प्रयोगशाळेवर सोडा. तिथे नियंत्रित दमटपणात ठेवून थोडे थोडे वेढे सोडवता येतात. सगळं मिळेलच असं नाही, पण घरच्या कुकरची वाफ किंवा कोमट पाणी वापरलं तर काहीच उरणार नाही. पांढरी बुरशी दिसत असेल तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या कुंचल्याने झाडा. पाण्याचा बोळा लावू नका. बुरशी जिलेटिन खाऊन ते विरघळण्याजोगं करते, आणि पाणी लागलं की चित्र बोळ्यावर येतं.

ही चूक बहुतेक घरांत होते, कारण भिजलेली वस्तू वाळवायची हाच आपला स्वभाव. फिल्मला उलटा नियम आहे: भिजली तर वाळू द्यायची नाही. चिखलाचं पाणी ओतून द्या, रीळ स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडेल असं ठेवा, पाणी दिवसातून दोनतीनदा बदला, आणि दोन-तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळा गाठा. तिथे पोचणं शक्यच नसेल, तर ५० फुटी लहान रीळ घरी वाचवता येतं. ५० फूट म्हणजे १५ मीटर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फोटोग्राफीचं वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे थेंब राहू न देणारं द्रव्य) काही थेंब टाकून फिल्म ओली असतानाच त्यातून सोडवत न्यायची, आणि पंखा बंद केलेल्या, झाडून पुसून घेतलेल्या खोलीत सुती दोरीवर सैल झोळ्या करून टांगायची. चकचकीत बाजू दोरीकडे, मंद, म्हणजे चित्राच्या थराची, बाजू हवेत. दोनशे फुटांच्या रिळावर हा प्रयोग करू नका, निम्म्यात फिल्म जमिनीवर येते.

प्रश्न : एका दुकानात भिंतीवर फिल्म दाखवून व्हिडिओ कॅमेऱ्याने शूट करून देतात, स्वस्तात. दुसरे 'एचडी स्कॅन' म्हणतात आणि चौपट पैसे मागतात. फरक काय? देण्याआधी काय विचारावं? — वाचक, दांडिया बाजार

उत्तर : भिंतीवरून घेतलेलं चित्र हे त्या संध्याकाळच्या भिंतीचंही चित्र असतं. मध्ये उजेडाचा डाग, कडांना अंधार आणि सतत लुकलुक. साधी ८ बहुधा सेकंदाला १६ चौकटी या गतीने घेतलेली असते, सुपर ८ मूकपट १८ ने, तर व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. दोन्ही गती जुळत नाहीत म्हणून ती लुकलुक. आणि फिल्म प्रोजेक्टरमधून जाते ती जातेच, त्याचा धोका वर सांगितला आहे.

खऱ्या स्कॅनरमध्ये थंड एलईडी दिव्यासमोरून एकेक चौकट सरकते आणि प्रत्येकीचा स्वतंत्र फोटो निघतो. ५० फुटी साध्या ८ रिळात ४००० चौकटी असतात, सुपर ८ मध्ये ३६००. तुमच्या हातात येणाऱ्या मूळ फाइलमध्ये तेवढ्याच चौकटी हव्यात, प्रत्येक एकदाच. पहिला प्रश्न हाच विचारा. काही ठिकाणी २५ ची गती साधायला मधूनमधून चौकट दोनदा टाकतात. मग सप्तपदीच्या वेळी नवरी दर पावलाला किंचित अडखळल्यासारखी दिसते आणि कारण कुणालाच कळत नाही. उलट १६ ची फिल्म २४ ने चालवली तर सगळे दीडपट वेगाने पळतात. जुने लोक पळत चालायचे नाहीत. दुकानदाराने गती चुकवलेली असते. मूळ फाइल चौकटीला चौकट असली की गती नंतर कधीही सुधारता येते.

दुसरं, छिद्र आणि काठासकट स्कॅन मागा. साध्या ८ च्या बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्र छिद्रांच्या मधल्या पट्टीतही उतरलेलं असतं, आणि काठावर फिल्मच्या जातीची छपाई असते. काठ कापलेली प्रत पाहायला वेगळी करून मिळते. तिसरं, रंग आपोआप सुधारणारी आणि कण पुसणारी सोय मूळ फाइलला लावू देऊ नका. ती लावली की चेहरे मेणाचे होतात, आणि ते परत फिरवता येत नाही. विटकी, फिकट, दहा बिटची (जास्त रंगछटा टिपणारी) फाइल बघून हिरमुसू नका, रंग तिच्यातूनच काढायचे असतात. कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मचे रंग बहुधा अजून टवटवीत असतात. बाकीच्या बऱ्याच रंगीत फिल्मचा निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं लालसर होतं, ते बऱ्यापैकी सावरता येतं.

रिझोल्यूशनवर फार भांडू नका. साध्या ८ ची चौकट साडेचार बाय सव्वातीन मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नाही. तिला २के, म्हणजे आडवे सुमारे दोन हजार बिंदू, पुरेसं आहे. १६ मिलिमीटर चांगली असेल तरच ४के चे पैसे द्या. फाइल प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा एफएफव्ही१ या, चित्र फार न दाबणाऱ्या, प्रकारात मागा. प्रोरेसमध्ये एका ५० फुटी रिळाला साडेतीन जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे १४ रिळांना ५० जीबी. नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपी४ घ्या. फक्त डीव्हीडी देणाऱ्याकडे जाऊच नका.

आधी एकच, सगळ्यांत कमी महत्त्वाचं रीळ द्या. परत आल्यावर ते पूर्ण उघडून बघा: नवे ओरखडे आहेत का, छिद्रं शाबूत आहेत का. मग बाकीची द्या.

प्रश्न : घरी वापरायचा छोटा स्कॅनर मिळतो, तो घ्यावा का? — वाचक, सलाटवाडा

उत्तर : फिल्म न आकसलेली, वास नसलेली आणि रिळं तीस-चाळीस असतील तर घ्यायला हरकत नाही. पण त्याची फाइल फार दाबलेली असते आणि गडद भागात चौकोन दिसतात. घरात काय काय आहे याची यादी करायला उत्तम, कायमची प्रत म्हणून नाही.

प्रश्न : रिळात जागोजाग सेलोटेप लावलेली आहे आणि काही जोड हातात घेताच सुटतात. स्कॅनला देण्याआधी काय करू? — वाचक, रावपुरा

उत्तर : सेलोटेपचा गोंद वर्षानुवर्षं पाझरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या वेढ्यांवरही तपकिरी चिकट पट्टा दिसेल. टेपचं टोक चिमट्याने उचला, फिल्मला जवळजवळ समांतर ठेवून मागे ओढा, सरळ वर नको. उरलेल्या गोंदासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं, ते नको, त्यात पाणी असतं. कापसाच्या काडीवर थेंबभर घेऊन आधी फिल्मच्या कोऱ्या पट्टीवर घासून बघा, रंग काडीवर आला तर थांबा. मग चकचकीत बाजूवरून एकाच दिशेने पुसा आणि दर पुसण्याला काडी बदला.

नवा जोड छिद्रं असलेल्या स्प्लायसिंग (फिल्म जोडायच्या) टेपनेच करा, त्यासाठी छोटा स्प्लायसर लागतो. दोन्ही टोकं त्याच्या खुंट्यांवर बसवली की चौकट आपोआप जुळते. फिल्म सिमेंटचा, म्हणजे फिल्म विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवाचा, जोड मजबूत असतो, पण त्यासाठी फिल्म खरवडावी लागते आणि एक चौकट जाते. शिवाय सिमेंट फक्त ॲसिटेटला धरतं. फुजी कंपनीची सिंगल-८ फिल्म पॉलिएस्टरची असते, तिला टेपच हवी. ओळखायची खूण: रीळ उजेडासमोर आडवं धरा. पॉलिएस्टरच्या कडेतून उजेड आरपार झिरपतो, ॲसिटेट काळपट दिसतं.

जोड झाले की दोन्ही टोकांना निदान मीटर-दीड मीटर पांढरी लीडर, म्हणजे कोरी पट्टी, लावा. स्कॅनरच्या रोलरवरून जायला तेवढी लांबी लागते, नाहीतर पहिली दहा सेकंदं कायमची सुटतात, आणि त्याच दहा सेकंदांत बहुधा आजी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते. रिळाचा नंबर लीडरवर लिहा, फिल्मवर नाही.

प्रश्न : काही सुपर ८ फिल्मच्या काठाला तपकिरी पट्टी आहे. ती काय? — वाचक, फतेहगंज

उत्तर : चुंबकीय पट्टी, म्हणजे आवाज. तो चित्राच्या १८ चौकटी पुढे नोंदवलेला असतो. आवाज वाचणारा स्कॅनरच शोधा आणि ही रिळं रांगेत पुढे घ्या, कारण पट्टीतला लोहाचा अंश शिर्क्याचा रोग वाढवतो. लोहचुंबक असलेलं काहीही, जुना स्पीकर वगैरे, जवळ ठेवू नका.

प्रश्न : स्कॅन झाल्यावर रिळं ठेवायची कशाला? आणि ठेवायचीच तर बडोद्याच्या हवेत कशी? — वाचक, मांजलपूर

उत्तर : ठेवायचीच. आजच्या स्कॅनरने जे वाचलं त्यापेक्षा पुढचा जास्त वाचेल, हे गेल्या वीस वर्षांत प्रत्येक वेळी खरं ठरलं आहे. हार्ड डिस्क तर कुठलीही सूचना न देता एका सकाळी चालत नाही.

जुने पत्र्याचे डबे टाका. पॉलिप्रॉपिलीनचे, हवेशीर डबे घ्या. पीव्हीसी नको. गच्चीखालची खोली, माळा आणि बाथरूमला लागून असलेलं कपाट टाळा. डांबराच्या गोळ्या, कापूर अजिबात नको. त्यांची वाफ पुन्हा घट्ट होऊन फिल्मवर बसते.

फ्रिज उत्तम, पण नुसतं रीळ आत ठेवलं तर ते ओलाव्यानेच मरेल. रीळ झिपच्या जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. आत आर्द्रता दाखवणारं कार्ड आणि सिलिका जेलची एक लहान पुडी. कार्ड ३० ते ५० टक्क्यांमध्ये हवं. त्याखाली गेलं तर फिल्म ठिसूळ होते, म्हणून मूठभर पुड्या भरू नका. हे पॅकिंग फेब्रुवारीच्या दुपारी करा, जुलैत कधीच नको. पिशवीत तुम्ही त्या दिवशीची हवा कोंडत असता. बाहेर काढलं की पिशवी न उघडता पूर्ण २४ तास खोलीत राहू द्या, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

फाइलींच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाकडे, आणि तिसरी क्लाउडवर. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा (संगणकाने काढलेला फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून मजकुराच्या फाइलीत जपा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी हा आकडा बदलतो. वर्षातून एकदा डिस्क लावून तो ताडून पाहा, आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर न्या.

प्रश्न : चित्रात कोण आहे हे फक्त आमच्या मोठ्या काकूंना माहीत आहे. त्यांचं वय ८६. स्कॅनला अजून दोन महिने आहेत. — वाचक, अलकापुरी

उत्तर : दोन महिने थांबू नका. फिल्मचा हातभर भाग खिडकीच्या उजेडासमोर धरून मोबाइलच्या मॅक्रोने चार-पाच चौकटींचे फोटो काढा, तेवढ्यावरही काकूंना अंगण ओळखू येतं. स्कॅन आल्यावर मोठ्या टीव्हीवर, कोपऱ्यात वेळ दिसेल अशी प्रत लावा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. मध्येच थांबवून "हे कोण?" विचारत बसू नका. पहिल्यांदा त्यांना सलग बोलू द्या, दुसऱ्यांदा थांबत जा. कोडॅकच्या फिल्मच्या काठावरच्या चौकोन, त्रिकोण, वर्तुळ अशा खुणांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं, पण तीच खूण दर २० वर्षांनी परत येते. ४७ की ६७ हे काकूच सांगू शकतील: "तेव्हा नाना होते" एवढ्या एका वाक्याने. नोंद अशी ठेवा: रीळ ०४, २ मिनिटं १५ सेकंद, डावीकडून दुसरी, नऊवारीतली, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. दोन्ही नावं लिहा.